चांदणीच्या ओळी

शनिवारी संध्याकाळी आपण माझ्या पायजम्यात नाडी ओवली. तू सेफ्टी पिन लावून एक टोक आत सारत होतीस, दुसरं टोक माझ्या हातात होतं. शिवणीपाशी पिन अडकली. तू म्हणालीस, ओढू नका, थांबा जरा. मी ओढली. पिन आतल्या आत उघडली आणि सगळी नाडी बाहेर आली. पुन्हा पहिल्यापासून ओवलीस, आणि या वेळी दुसरं टोक माझ्याकडे न देता स्वतःच्या गुडघ्याखाली दाबून ठेवलंस. मी म्हणालो, बत्तीस वर्षांत एवढाच भरवसा बसला का माझ्यावर? तू म्हणालीस, नाडीपुरता नाही बसला. तोच पायजमा घालून आज हे लिहायला बसलोय.

रविवारी पहाटे तू गेलीस. काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून आपल्या रेखाला पाठ झालंय. मी ते परत लिहीत नाही. पोरीने वही आणून दिली आणि म्हणाली, बाबा, विहारात उभं राहून बोलणं तुम्हाला जमायचं नाही, लिहा, मी वाचून दाखवते. मी चौथी शिकलेला गवंडी. माझ्या ओळी वाकड्या जातील, पण भिंत कधी वाकडी गेली नाही, हे तुला माहीत आहे. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, ते शोकसभेच्या पत्रिकेत छापलंय. मला तुझ्याशी बोलायचंय. बाकीच्यांनी ऐकलं तर ऐकू दे.

शांता, तू मॅट्रिक आणि टायपिंगची परीक्षा पास. तुझ्या बापाने निफाडला एवढं शिकवून मला का दिली, हे मला कधी कळलं नाही. लग्नात माझा मामा म्हणाला होता, ही पोरगी याला बाजारात विकून येईल, याला कळायचंही नाही. तू विकलं नाहीस. चौऱ्याहत्तर साली सातपूरच्या कारखान्यात तुला कार्डं पंच करायचं काम लागलं, तेव्हा मीच गावभर सांगत फिरलो, आमची मंडळी कंपनीत आहे म्हणून. पण काम काय करते विचारलं की मी सांगायचो, पुठ्ठ्याला भोकं पाडते. तुझा राग यायचा मला नंतर, की तू हसायचीस फक्त.

तुझी पहिली पाळी. सव्वासहाला कंपनीची बस. मी साइटवर जायचो साडेआठला, गंगापूर रोडला तेव्हा बंगल्यांवर बंगले उठत होते. मधल्या दोन तासांचं घर माझ्याकडे. म्हणून तू जाताना चिठ्ठी लिहून मिठाच्या बरणीखाली ठेवायचीस. अक्षर मोठं, सुटं, माझ्यासाठी पाटीवरच्यासारखं. वर तारीख, तुझ्या ऑफिसची सवय. झालेल्या कामाची चिठ्ठी मी बायंडिंगच्या तारेला टोचायचो. साइटवर मापाच्या चिठ्ठ्या अशाच ठेवतात. तार भरली की गाठ मारून माळ्यावर. तू म्हणायचीस, रद्दी कशाला जमवता? मी म्हणायचो, पुरावा आहे. उद्या म्हणशील मी काम केलं नाही.

पहिल्याच आठवड्यात मी दूध जाळलं. चिठ्ठीत लिहिलं होतं, दूध तापवा, रेखाच्या दप्तराचा पट्टा शिवून आणा, आणि खाली, काल बसमधून गोदेला पूर आलेला दिसला, पाणी पार वरच्या पायऱ्यांपर्यंत होतं. मी स्टोपुढे उभा राहून एकेक अक्षर लावत होतो. पायऱ्यांपर्यंत पोचलो तोवर दूध उतू जाऊन स्टोवर. संध्याकाळी तू पातेलं घासलंस आणि म्हणालीस, उद्यापासून जे काम नाही त्या ओळीपुढे मी चांदणी काढते. कार्डावर आम्ही असंच करतो. ऐंशी घरांचं कार्ड असतं, त्यातल्या सातव्या घरात चांदणी पाडली की मशीन ती ओळ सोडून देतं.

मी विचारलं, "सोडून देतं? मग लिहिता कशाला?"

"तो शेरा असतो. प्रोग्रामचा हा भाग काय करतो, कुणी लिहिला, का लिहिला. माणसासाठी."

"मशीनला नको तर कार्ड फुकट कशाला घालवायचं?"

"तुम्ही विटेवर गेरूने खूण करता, ती काय भिंतीला हवी असते?"

"भिंतीला नको. नळवाल्याला हवी."

"मग झालं तर," म्हणालीस, आणि पातेलं पालथं घातलंस.

तिथे मी हरलो होतो. पण कबूल केलं नाही. पुढची चौदा वर्षं शेऱ्यावरून आपली भांडणं होत राहिली, आणि दर वेळी मी तेच म्हणत राहिलो, जे मशीनला नको ते लिहू नये.

तू सांगितलं होतंस, चांदणीची ओळ काम नाही, मागाहून सवडीने वाचा. मी त्यातलं 'काम नाही' एवढंच घेतलं. सवड कुणाला होती? शिवाय त्या ओळी तू बारीक लिहायचीस. मी वरची कामं वाचायचो, करायचो, चिठ्ठी टोचायचो. आता सगळ्यांसमोर सांगतो, मी त्या ओळी वाचल्या नाहीत. एकही नाही. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस.

एक गोष्ट मात्र मला कित्येक वर्षं टोचत होती. नोकरी लागून वर्ष झालं असेल. संध्याकाळी तू वरचा डबा काढलास, त्यात शिरा. दिवसभर उकाड्यात राहून आंबलेला. मी भडकलो. एवढं साजूक तूप घालून केलेलं असं डब्यात कोंडून कुणी ठेवतं का? आणि तू ओट्याला धरून हसत सुटलीस. डोळ्यांत पाणी येईतो. मी विचारलं, काय झालं? काही नाही म्हणालीस. दुसऱ्या दिवशीही मधेच हसलीस. मला वाटलं, कंपनीत काहीतरी गंमत झाली असेल, आम्हा गवंड्यांना कुठली कळायची.

मग कारखान्यात हिरव्या अक्षरांचे पडदे आले आणि कार्डं बंद झाली. पंच करणाऱ्या सात बायकांमधून बोरसे साहेबांनी तुला आत घेतलं. साहेब कडक, पण माणूस सरळ. पडद्यावर ओळी लिहायला, खोडायला एक प्रोग्राम होता, त्याला तुम्ही एडिटर म्हणायचा. तू मला तो चिठ्ठीच्या मागे पेन्सिलने काढून दाखवलास. त्याला स्वतःची काहीच अक्कल नसते म्हणालीस. एका भाषेत शेऱ्याची खूण सातव्या घरातली चांदणी, दुसरीत पहिल्या घरातला सी, तिसरीत ओळीच्या सुरुवातीला तीन अक्षरं. हे सगळं एका छोट्या फायलीत भरून द्यायचं, कुठली भाषा, कुठली खूण, कितव्या घरात. मग तो शेरे मंद दाखवतो आणि कामाच्या ओळी ठळक. ती फाईल भरायचं काम साहेबांनी तुझ्यावर टाकलं होतं. तू जेवताना सांगत होतीस. "त्याला शेरा ओळखायला शिकवायचं, बस्स. वाचत तर तो नाहीच," म्हणालीस आणि माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं, भाजीत मीठ बरोबर आहे का ते विचारतेस. मी म्हणालो, ठीक आहे.

आता ते लिहितो, ज्याच्यामुळे आपण आठ दिवस बोललो नाही.

तू फायलीत चांदणी लिहिलीस, सातवं घर लिहायचं राहिलं. एवढंच. पण चांदणी तुमच्याकडे गुणाकारालाही वापरतात. मग एडिटर ओळीत कुठेही चांदणी दिसली की तिथून पुढचं सगळं शेरा समजायला लागला. त्याच आठवड्यात मशीनमध्ये जागा कमी पडली आणि साहेबांनी सांगितलं, जुन्या प्रोग्राममधले शेरे काढून टाका. तू एडिटरला हुकूम दिलास. त्याने शेरे काढले आणि त्याबरोबर गुणाकारांची शेपटंही काढली. एका डब्याला आठ स्क्रू, दोनशे डबे, असा हिशेब करून स्टोअरला यादी देणारा एक प्रोग्राम होता. त्यातलं 'गुणिले आठ' गेलं. यादीत आले दोनशे स्क्रू.

स्टोअरच्या गांगुर्डेंनी यादीप्रमाणे दोनशे मागवले. पंचवीस डबे जोडून झाले आणि स्क्रू संपले. जोडणीच्या बायकांना तीन दिवस घरी पाठवलं. वरून विचारणा आली आणि गांगुर्डेंच्या हातात मेमो पडला, की डोळे मिटून मागणी केली, कामावरून का काढू नये? तिकडे छापील याद्या कुणी बघितल्या नाहीत. कॉम्प्युटर चुकतो हे तेव्हा कुणाच्या मनातही यायचं नाही.

तुला दुसऱ्या दिवशी सापडलं. घरी आलीस तेव्हा चप्पल घालूनच आत आलीस. मी तेव्हाच ओळखलं काहीतरी मोठं आहे. सगळं सांगितलंस आणि म्हणालीस, उद्या साहेबांना सांगते.

मी म्हणालो, "काय गरज आहे? मशीन चुकलं म्हण. मशीनला कोण नोकरीवरून काढतंय?"

"मशीन सांगितलं तेच करतं. सांगणारी मी होते."

"गांगुर्डे तुझा कोण लागतो?"

"कुणी नाही. पण त्याच्या जागी मी असते, तर तुम्हाला काय वाटलं असतं?"

मग मी जे बोललो ते सगळं रेखाला विहारात वाचायला लावत नाही. तुला आठवतच असेल. त्यातलं एवढंच लिहितो, मी म्हणालो होतो की शिकलेल्या बायकांना खरं बोलायची हौस असते आणि निस्तरायचं नवऱ्याने. माझी कंबर तेव्हा गेलेली, महिन्यातले दहा दिवस काम. घर तुझ्या नोकरीवर उभं होतं. हे मला माहीत होतं, आणि माहीत होतं हेच मला सहन होत नव्हतं.

तू सांगितलंस. गांगुर्डेंचा मेमो माघारी गेला. तुझी बढती गेली आणि सहा महिने तुला साध्या टायपिंगला बसवलं. मी आठ दिवस तोंड उघडलं नाही. तू रोज चिठ्ठी ठेवलीस, मी रोज कामं केली, चिठ्ठी टोचली. आठव्या दिवशी जेवताना आमटी तोंडात घातली आणि माझ्या तोंडून गेलं, खारट झालीय. एवढंच. तू पदर डोळ्यांना लावलास. मी मनात म्हणालो, बघ, आठ दिवसांनी बोललो तेही वाकडंच. पण दुसऱ्या दिवसापासून आपण बोलायला लागलो, आणि त्या विषयावर परत कधीच बोललो नाही.

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, ते आता बोलतो. तू बरोबर होतीस. मी भ्यालो होतो. भिंतीत एक वीट वाकडी बसली तर मी अख्खा थर पाडून परत घेतो, मालक बघत असो की नसो. आणि तुला सांगत होतो, वर प्लास्टर मार.

रविवारी दुपारी बोरसे साहेब आले होते. आता म्हातारे झालेत, काठी आहे. तुझ्या पायाशी बराच वेळ उभे राहिले आणि मग माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, बाईंची ती फाईल अजून चालू आहे. त्यांनी ती दुरुस्त केली तेव्हा वर एक शेरा लिहून ठेवला होता, इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. 'सातवं घर लिहायला विसरू नका. मी विसरले होते, त्याने दुसऱ्या माणसाचं नुकसान झालं.' खाली तुझं नाव. साहेब म्हणाले, मी तो काढू दिला नाही. नवीन येणाऱ्याला आम्ही पहिल्यांदा ती फाईल उघडून देतो. मी म्हणालो, मशीन तर ते वाचत नसेल. साहेब म्हणाले, नाही, पण पोरं वाचतात.

गांगुर्डेही आले होते. कोपऱ्यात उभे होते, त्रिशरण म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांत वर होता. मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. माझ्याहून बुटका, साधा माणूस. जाताना माझे दोन्ही हात धरले. याच माणसाबद्दल मी म्हणालो होतो, तुझा कोण लागतो.

सोमवारी सकाळी जाग आली ती सव्वासहाला, तुझ्या बसच्या वेळेला. बाहेरच्या खोलीत मनमाडहून आलेले पाहुणे झोपलेले. मी आत गेलो, दूध गॅसवर ठेवलं आणि हात आपोआप मिठाच्या बरणीखाली गेला. काही नव्हतं. शनिवारची चिठ्ठी मी शनिवारीच टोचली होती. मी बरणी खाली ठेवली, परत उचलली, परत बघितलं.

मग स्टूल घेतलं आणि माळ्यावरून सगळ्यात जुनी तार काढली. रेखा उठून आली, तिला वाटलं मी कागदपत्रं शोधतोय. म्हणाली, बाबा, आता राहू द्या. मी चष्मा मागितला.

तारीख बघत बघत गेलो. एका चिठ्ठीत वर लिहिलं होतं, रॉकेल आणा, आणि खाली बारीक अक्षरात चांदणी काढून, 'वरच्या डब्यात शिरा आहे, गरम आहे तोवर खा.' तिच्या पुढची चिठ्ठी, काम एकच, स्टोच्या पंपाचा वॉशर बदला. खाली चांदणी. 'शिरा तसाच राहिला. म्हणजे तुम्ही चांदणीच्या ओळी वाचत नाही. मी उगीच वर्षभर जपून लिहीत होते. आता मनाला येईल ते लिहीन.'

आणि तू लिहिलंस, शांता. तेरा वर्षं. मी ओट्याला टेकून वाचत राहिलो. 'तुमच्या घोरण्याने शेजारचा कुत्रा उठतो.' 'काल तुम्ही रेखाला ओळंबा कसा धरायचा ते शिकवत होता. मी दारामागे उभी राहून ऐकलं.' 'बंगल्याचा मालक तुम्हाला माझ्यासमोर अरे-तुरे बोलला. त्याची भिंत सरळ आहे ती तुमच्यामुळे, त्याच्यामुळे नाही.' 'आज बसमध्ये बायका नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगत होत्या. माझ्याकडे सांगायला घोरण्याशिवाय काही निघालं नाही.' तोंडावर यातलं एकही वाक्य तू बोलली नाहीस. बोलली असतीस तर मी काहीतरी वाकडं बोलून ते मोडलं असतं, हे तुला माहीत होतं. म्हणून जिथे माझा हात पोचणार नाही तिथे लिहून ठेवलंस, आणि मी आपण होऊन सगळं जपून टोचत गेलो.

त्या आठ दिवसांच्या चिठ्ठ्या दुसऱ्या तारेवर सापडल्या. भाकरी टोपल्यात आहे, खाली चांदणी, 'गांगुर्डेंचा मेमो माघारी घेतला. सगळ्यात आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं.' पुढच्या दिवशी, 'तुम्ही रागावलेले नाही, भ्यालेले आहात. मला कळतं.' त्याच्या पुढच्या दिवशी, 'मीही भ्यालेय.' मग चार दिवस नुसती कामं, खाली चांदणी आणि पुढे कोरं. आठव्या दिवसाची चिठ्ठी, तारीख तुझ्या हातची. वर काम एक, पाणी भरून ठेवा. खाली चांदणी.

'आज काहीतरी बोला. काहीही.'

आणि मी त्याच संध्याकाळी म्हणालो होतो, आमटी खारट झालीय.

मागे काहीतरी चरचरलं. रेखा धावत आली, गॅस बंद केला, फडकं शोधायला लागली. अख्ख्या ओट्यावर दूध पसरलं होतं, खाली माझ्या पायापर्यंत आलं होतं. म्हणाली, बाबा, समोर उभे असून लक्ष कुठे होतं तुमचं?

मी म्हणालो, "असू दे. वाचत होतो."